सहा जखमांचा घोडा

वॉल्टरराव गेल्याचं कळलं तेव्हा मी सुनेच्या स्वयंपाकघरातला ड्रॉवर दुरुस्त करत होतो. रविवारची सकाळ होती. फोन सुनेने, वैशालीने, घेतला, इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलली आणि मग नुसती ऐकत राहिली. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की फोन अमेरिकेचा आहे. फोन ठेवून ती म्हणाली, "बाबा, त्यांच्या बहिणीचा होता. काल सकाळी गेले. झोपेतच." मी म्हटलं, बरं. ड्रॉवरची उरलेली पट्टी ठोकून बसवली, दोनदा उघडून-लावून बघितली. अर्धं काम टाकून उठायची मला सवय नाही, आणि वॉल्टररावांनाही ते आवडलं नसतं. मग हात धुतले आणि खाली व्हॉइड डेकवर जाऊन बसलो... इथे सिंगापूरला, क्लेमेंटीत, प्रत्येक इमारतीच्या तळाला खांबांची मोकळी जागा सोडलेली असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथल्या दगडी टेबलापाशी आम्ही दोघांनी पावणेदोन वर्षं काढली. ज्यांच्याविषयी लिहितोय ते वॉल्टरराव अमेरिकेतले. तिथल्या मूळच्या लोकांपैकी लाकोटा म्हणून आहेत, त्या लोकांतले. मी बार्शीचा सुतार, चौथीपर्यंत शिकलेला. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने बघितलंय, शब्द सगळे माझे आहेत. वॉल्टरराव वारले त्याला आता दीड महिना झाला. लिहायला वेळ लागला कारण मधे एक गोष्ट घडली, ती शेवटी सांगतो.

माझे वडील टांगे बांधायचे. टांगे संपले तसा मी दारं, खिडक्या, देव्हारे, पालख्या यांच्याकडे वळलो. खंडोबाला नवसाचा लाकडी घोडा वाहायचा असला की आसपासच्या गावांतले लोक माझ्याकडे यायचे, कारण माझा घोडा बघून खरा घोडा कान टवकारेल असं लोक म्हणायचे. मी नव्हे, लोक. बायको गेल्यावर मुलाने, अनिलने, मला दोन हजार चार साली सिंगापूरला आणलं. तो इथे बँकेत आहे, घर स्वतःचं आहे, सगळं ठीक आहे. पण मी येताना कपड्यांची बॅग लहान आणि हत्यारांची पिशवी मोठी आणली हे त्याला फारसं पटलं नाही. "बाबा, फ्लॅटमध्ये ठोकाठोक चालत नाही, खालचे लोक तक्रार करतात," तो म्हणाला. मी म्हटलं, मग मी खालच्यांच्याही खाली जाऊन बसतो. तसा व्हॉइड डेकवर जायला लागलो. तिथे एक चिनी म्हातारा रोज बुद्धिबळासारखा त्यांचा पट मांडून बसायचा. मी पटाशीला धार लावायला घेतली की तो मान न उचलता म्हणायचा, "अंकल, टू नॉइझी लाह." मी म्हणायचो, "गुड." माझं इंग्रजी दोनच शब्दांचं आहे, गुड आणि नो गुड. सुताराला तेवढं पुरतं.

अशाच एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आलेला एक उंच माणूस माझ्यासमोर थांबला. साठीच्या जवळपासचा, अंगाने रुंद, डोक्यावर कंपनीची टोपी आणि टोपीखालून पाठीवर सोडलेली करड्या केसांची वेणी. टीव्हीवर पिसं लावून ओरडत येणारे लोक दाखवतात, तसलं काही मनात आणू नका. पायात रबरी चपला, हातात डबा. त्याने खिशातून मिटायचा चाकू काढून माझ्यापुढे धरला. मी अंगठ्याच्या नखावर धार बघितली आणि म्हटलं, "नो गुड." तो हसला. मी चाकू दगडावर घेतला, दहा मिनिटं घासला, माझ्याच मनगटावरचे केस त्या चाकूने साफ काढून दाखवले आणि म्हटलं, "गुड." दुसऱ्या दिवशी तो दोन ग्लास कॉफी घेऊन आला. मी त्याला राव लावायला लागलो ते तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, कारण माणूस राव लावण्यासारखा होता. पुढचं बोलणं आमची वैशाली करून द्यायची. ती शिकवण्या संपवून साडेपाचला चहा घेऊन खाली यायची, आणि मग आम्हा दोघांच्या मधे बसून दोघांचीही बोलणी खायची.

वॉल्टरराव जुरोंग आयलंडला, तेलाच्या कारखान्यात, पाइपांचं वेल्डिंग तपासायचे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट शोधणं हाच त्यांचा धंदा. असा माणूस मला सहसा आवडत नाही. पण ते स्वतःच्या कामातलीही खोट तेवढ्याच बारकाईने काढायचे, म्हणून जमलं. आमच्याच इमारतीत एका चिनी बाईंकडे खोली घेऊन राहायचे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून गेलेली, मूलबाळ नाही, गावाकडे एक बहीण, लिओना नावाची. एका शनिवारी त्यांनी एक ओंडका आणून टेबलावर ठेवला. अमेरिकेतून मोठी यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्या खोक्याच्या तळाचा होता तो. कारखान्याच्या गेटवर चिठ्ठी दाखवून, बसमध्ये मांडीवर घेऊन आणला होता. पाइनचं लाकूड, मऊ. मला म्हणाले, यातून घोडा करायचाय.

"हे खोक्याचं लाकूड आहे," मी म्हटलं. "यातून पेटी होते. घोडा करायचा तर सागवान घ्या. मी शोधून देतो."

वैशालीने सांगितलं. ते म्हणाले, "हे माझ्या मुलखातलं झाड आहे. माझ्याआधीच इथे येऊन बसलंय."

"मग त्याला परत पाठवा म्हणावं."

"बाबा, हे मी सांगणार नाही."

"तू सांग. तुझं काम सांगायचं आहे."

तिने नाइलाजाने सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "तेच तर करायचंय."

मग त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली. एका बैठकीत नाही, महिना-दीड महिना थोडी थोडी. त्यांच्या आजोबांचे वडील सरकारी फौजेशी लढले होते. एका नदीकाठच्या लढाईत त्यांचा अबलख घोडा सहा गोळ्या खाऊन त्यांना पैलतीराला घेऊन गेला आणि तिथे पडला. त्या हिवाळ्यात पणजोबांनी स्वतःच्या हाताने त्या घोड्याची लाकडी आकृती केली. शोभेला ठेवायची नव्हे. त्या लोकांत अशी रीत आहे की लढलेला माणूस नाचाच्या वेळी ती आकृती हातात घेऊन नाचतो, आणि घोड्याने काय केलं ते सगळ्यांना दिसतं. पुढे सरकारने त्यांचे जिवंत घोडे काढून घेतले. घोडा काढून घेतला की माळरानावरचा माणूस निम्मा होतो, हे मला कुणी समजावून द्यायला नको. आमच्या घरी टांगे बंद पडले तेव्हा वडील कसे झाले होते ते मी बघितलंय. मग नाचायलाही बंदी आली. लाकडी घोडा घरात लपवून ठेवला होता, तो कधीतरी कुणीतरी, भीतीने की अडचणीने कोण जाणे, बाहेरच्या माणसाला देऊन टाकला. वॉल्टररावांनी तो एकदाच बघितला, एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात, काचेच्या आड. खाली पाटी होती, लाकडी घोडा एवढंच लिहिलेली. पणजोबांचं नाव नाही, घोड्याचा पराक्रम नाही. "मी वीस मिनिटं उभा होतो," ते म्हणाले, "मग पहारेकऱ्याने मला काचेपासून लांब व्हायला सांगितलं." म्हणून त्यांना दुसरा घोडा करून गावी पाठवायचा होता. काचेत जाणार नाही असा, बहिणीच्या घरचं माणूस हातात घेऊन नाचेल असा. सिंगापूरला आल्यावर हे त्यांच्या मनाने घेतलं, गावी असताना नाही. असं होतं. मी बार्शीत असताना बार्शीबद्दल एवढं कुठे बोलायचो?

कामात आमचं पहिल्या दिवसापासून भांडण. मला घोडा म्हटला की भरलेलं पोट, वळवलेली मान, उचललेला पुढचा पाय दिसतो. त्यांचा घोडा म्हणजे तीन फूट लांब काठीच, एका टोकाला मान पुढे ताणलेलं डोकं, दुसऱ्या टोकाला एक खूर.

"पुढचे पाय कुठे आहेत याचे?" मी विचारलं.

"एवढा जोरात धावतोय, दिसतील कुठून?"

मी पेन्सिलने मारलेली पुढच्या पायांची खूण पुसली. मी ओबडधोबड आकार काढून द्यायचा, मापं धरायची, पटाशी चालवायची. चेहरा, नाकपुड्या, जबडा ते चाकूने करायचे. चिनी म्हाताऱ्याने पट बाजूला सारून आमच्याकडे तोंड करून बसायला सुरुवात केली आणि एकदा तर त्याने घोड्याच्या कानशिलाच्या हाडावर बोट ठेवून सांगितलं की इथे जास्त झालंय. खरंच जास्त झालं होतं. आयाळ आणि शेपटी खऱ्या केसांची हवी होती. लिटिल इंडियातल्या देवळात माझ्या ओळखीचा एक तमिळ माणूस होता, मणियम, रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात खरारा करायचा. त्याला मी हिंदीत आणि खुणांनी सांगितलं. तो म्हणाला, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, तुम्ही बसस्टॉपवर थांबा. आम्ही दोघं एमआरटीच्या गाडीने आणि पुढे बसने क्रांजीच्या बाजूला, तबेल्याजवळ, गेलो, उन्हात तासभर बसलो. मणियमने ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत शेपटीचे काळे-पांढरे केस आणून दिले आणि म्हणाला, "ये घोडा कभी जीता नहीं, चलेगा?" वॉल्टररावांना हिंदी कळलं नाही. त्यांनी पिशवी उघडून तोंडाजवळ नेली आणि वास घेतला... त्यानंतर तीन बस आल्या आणि गेल्या, ते उठले नाहीत. मीही उठा म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. दुखणं काय ते निघालं, नाव इथे लिहीत नाही, बरं होण्यातलं नव्हतं. डॉक्टरांच्या औषधाने दुखणं थोडं मागे हटलं, पण बोटं बधिर झाली. वेल्डिंग तपासणाऱ्या माणसाला बोटांनी सांध्यावरचा केसाएवढा उंचवटा कळायचा, त्याला आता ग्लास हातातून सुटलेला कळेना. नोकरी सुटली. डॉक्टरांनी सांगितलं, गावी जायचं तर दोन महिन्यांत जा, नंतर प्रवास झेपणार नाही. घोडा होत आला होता. डोक्याला काप देऊन त्यात कातड्याचे कान बसवले होते, केस लावायचे राहिले होते, रंग राहिला होता. एका आठवड्यात रोज थोडं थोडं करून वॉल्टररावांनी चाकूच्या टोकाने घोड्याच्या अंगावर सहा भोकं पाडली. वाकडीतिकडी, कडा फाटलेल्या, कुठे अर्धा इंच खोल. मी त्या आठवड्यात तापाने घरात पडून होतो, मला दिसलं ते थेट नंतर. त्यांना चार दिवस दवाखान्यात राहायचं होतं. जाताना घोडा माझ्याकडे देऊन गेले आणि वैशालीकरवी निरोप ठेवला की पॉलिश पेपर मारून ठेवा, मी आलो की रंग लावू.

आता माझी चूक सांगतो. गोळ्यांची गोष्ट मला ठाऊक होती. पण ती भोकं बघून माझ्या मनात गोळ्या आल्याच नाहीत. माझ्या मनात आलं की हात काम देत नाही, चाकू घसरला, काम बिघडलं, आणि हा माणूस भिडेपोटी मला सांगत नाही, नुसता घोडा माझ्या ओटीत टाकून गेलाय. शिवाय आमच्याकडे देवाच्या घोड्याला टाचणीएवढं छिद्र चालत नाही. छिद्र राहिलं की ती वस्तू खंडित, खंडित झालं की पूजेतून गेलं, नदीत सोडायचं. मी पन्नास वर्षं लाकडातली भोकं बुजवत आलोय. त्याच ओंडक्याचा भुसा वस्त्रगाळ केला, सरसात कालवला, थर थर देऊन सहाही भोकं भरली. कानाखालचं एक भोक सगळ्यात वाईट होतं, कडा जळल्यासारखी कुरतडलेली. त्याला तीन थर दिले आणि वर लाकडाची रेघसुद्धा टोकदार खिळ्याने ओढून जुळवली. पॉलिश पेपर मारला. हात फिरवून बघितला तर मलाच कुठे काय होतं ते सापडेना. इतकं चांगलं काम मी या वयात केलं याचा मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

ते परत आले, टेबलापाशी बसले, घोडा हातात घेतला. बधिर बोटं कामाची नव्हती म्हणून त्यांनी तो गालाला लावून फिरवून बघितला. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, गुड. त्यांनी घोडा मांडीवर ठेवला. मग वैशालीला काहीतरी म्हणाले. 

"काय म्हणाले?"

"काही नाही, बाबा."

"वैशाली, सांग."

"ते म्हणतात, तुम्ही याला बरं केलंत. आता हा कुठलाही घोडा आहे. त्या लढाईत हा नव्हताच."

मी म्हटलं, पन्नास वर्षांत माझ्या कामाला कुणी असं बोललं नाही. म्हटलं, भोकंच हवी होती तर तसं सांगून जायचं होतं, आणि एवढी वाईट पाडायची नव्हती. हेही म्हटलं की दुसऱ्याच्या कामात खोट काढून पोट भरलेल्या माणसाकडून मी दुसरी काय अपेक्षा करणार. वैशालीने यातलं किती सांगितलं मला माहीत नाही. मी हत्यारं गोळा केली आणि वर आलो. बारा दिवस खाली गेलो नाही. अनिल म्हणाला, "बाबा, माणूस आजारी आहे, तुम्हीच मोठेपणा घ्या." मी त्याला सांगितलं, मोठेपणा घ्यायला काम चुकलेलं असावं लागतं, आणि माझं काम चुकलेलं नाही. वैशालीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. चहा मात्र वेळेवर देत होती, तोही जास्त गोड.

तेराव्या दिवशी दुपारी मी गॅलरीत कपडे काढायला गेलो. आमचा मजला तिसरा, तिथून समोरच्या इमारतीचा व्हॉइड डेक दिसतो. वॉल्टरराव तिथे जाऊन बसले होते, आमच्या टेबलावर नाही, लांबच्या. मांडीवर घोडा होता आणि हातात खिळ्यासारखं काहीतरी. ते मी भरलेली भोकं उकरत होते. खिळा बोटांतून सुटून खाली पडायचा. ते वाकायचे, पाठीला धरून, फरशीवर चाचपायचे, उचलायचे, परत टेकवायचे, परत पडायचा. मी मोजलं नाही, पण बराच वेळ बघत होतो. माझा भुसा आणि माझा सरस निघत नव्हता. इतका पक्का बसवला होता मी. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझं काम थोडं कच्चं असतं तर बरं झालं असतं.

हत्यारांची पिशवी घेतली आणि खाली गेलो, वैशालीला हाक मारून. वॉल्टररावांनी मला बघितलं, खिळा बाजूला ठेवला. मी माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही, बायकोकडेही कधी मागितली नाही, त्याचं वाईट आता वाटतं. मी सगळ्यात अरुंद पटाशी काढली, घोडा त्यांच्या मांडीवरून घेतला आणि म्हटलं, "सांगा. पहिली कुठे लागली?"

त्यांनी छातीवर बोट ठेवलं. आधी घोड्याच्या, मग स्वतःच्याही. सांगितलं की पणजोबांचा धाकटा भाऊ मागे पायी राहिला होता, त्याला घ्यायला घोडा परत वळवला तेव्हा ही समोरून लागली. मी विचारलं, जवळून की लांबून? लांबून, म्हणाले. मग मी ती लहान आणि सरळ पाडली. दुसरी मानेत, भाऊ मागे चढत होता तेव्हाची, तिरकी. तिसरी आणि चौथी बरगड्यांत, नदीच्या पाण्यात असताना. "पाणी वाहतं होतं म्हणून रक्त कुणाला दिसलं नाही," ते म्हणाले, "घोडा थकला असं दोघा भावांना वाटलं." पाचवी मांडीत, पैलतीराचा चढ चढताना मागून आलेली. प्रत्येक वेळी मी विचारायचो, ते सांगायचे, वैशाली सांगायची, आणि मी पटाशी टेकवायचो. कडा फाटक्या ठेवल्या. नीट कापायला गेलेला माझा हात मला आवरून धरावा लागत होता. वैशाली मधे दोनदा थांबली, ओढणीने डोळे पुसून परत सांगायला लागली. चिनी म्हातारा आमच्या इमारतीतून उठून तिथे येऊन उभा राहिला होता, टू नॉइझी म्हणाला नाही.

"आणि सहावी?" मी विचारलं. ती कानाखालची. "ही कुणाची?"

वॉल्टररावांनी त्या जागेवर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "आमची."

पलीकडे पोचल्यावर घोडा पडला, उठू शकत नव्हता, श्वास लागला होता. पणजोबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्याशी बोलले आणि मग स्वतःच ती गोळी घातली. पणजोबा नाचात लाकडी घोडा हातात घेत तेव्हा त्यांचा अंगठा त्या भोकावर असे. हे ते घरात सांगायचे, बाहेर नाही. संग्रहालयाच्या काचेतून वॉल्टररावांनी तेवढंच नीट बघितलं होतं, ते भोक अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालंय की नाही... झालं होतं. आणि मी त्याच भोकाला तीन थर दिले होते, वर रेघसुद्धा जुळवली होती. मी पटाशी त्यांच्या हातात दिली, त्यांच्या मुठीवर माझी मूठ धरली आणि आम्ही दोघांनी मिळून ते उघडलं. मग मी पॉलिश पेपरचा तुकडा अंगठ्याला गुंडाळला आणि त्या भोकाची एक कड झिजेपर्यंत घासली. ते म्हणाले, "गुड." मी म्हटलं, "गुड."

पुढच्या दहा दिवसांत रंग झाला, अबलख, काळा-पांढरा, आणि जखमांतून ओघळणारा तांबडा. न जिंकलेल्या घोड्याचे केस लावले. विमानतळावर आम्ही तिघंही गेलो होतो, अनिलने सुट्टी घेतली होती. घोडा माझ्या बायकोच्या जुन्या सुती साडीत गुंडाळला होता. तपासणीच्या पोरीने विचारलं हे काय, तर वॉल्टरराव म्हणाले, हॉर्स. तिने साडी सोडली, बघितलं, परत नीट गुंडाळून दिलं आणि म्हणाली, "कॅन, अंकल, कॅन," म्हणजे चालेल. आत जाण्याआधी ते चाकांच्या खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मला त्यांच्या भाषेत म्हणाले, "चिये." वैशालीला कळेना. त्यांनीच सांगितलं, म्हणजे थोरला भाऊ. पुरुषाने थोरल्या भावाला मारायची हाक, बाईची हाक वेगळी असते. मी म्हटलं, ठीक आहे, मी आपलं वॉल्टररावच म्हणेन. ते हसले. शेवटचं बघितलं ते तसं, काचेपलीकडे साडीचं गाठोडं छातीशी धरून जाताना.

सुरुवातीला म्हटलं होतं की मधे एक गोष्ट घडली. ती अशी. वॉल्टरराव गेल्यानंतर तीन आठवड्यांनी लिओनाबाईंचा परत फोन आला. वॉल्टररावांच्या नावाने लोक जमले होते, तेव्हा लिओनाबाईंचा थोरला मुलगा, जो फौजेत जाऊन आलाय, तो घोडा हातात घेऊन नाचला. फार वर्षांनी त्यांच्या घरातला माणूस घोडा घेऊन नाचला. हे सांगताना त्यांचा आवाज चांगला होता, मला भाषा कळत नव्हती तरी कळलं. मग आवाज बदलला. वैशाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, घोड्याला भेग गेलीय. पाठीवरून, वीतभर. त्या फार ओशाळून सांगतायत. त्यांना वाटतं त्यांनीच शेकोटीजवळ ठेवला म्हणून. विचारतायत, कशाने बुजवू?"

शेकोटीचा काही संबंध नव्हता. लाकूड निदान पावणेदोन वर्षं सिंगापूरच्या दमट हवेत पाणी पीत बसलं होतं आणि मी ते एकदम तिकडच्या कोरड्या थंडीत पाठवलं. आतून पोकळ करायला हवं होतं, किंवा दोन महिने सावकाश सुकवायला हवं होतं. शिकाऊ सुतारालाही हे कळतं. घाईत होतो हे खरं, पण घाई हे कारण झालं, सबब नव्हे. बुजवायचं कसं ते मला पाठ आहे, फोनवर तीन वाक्यांत सांगता आलं असतं. बाई फोनवर थांबल्या होत्या. वैशाली म्हणाली, "बाबा, काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, शेकोटीने नाही गेली. सुताराच्या चुकीने गेली. बुजवू नका. आणि तांबडा रंगही लावू नका तिला, ती लढाईतली नाही. नुसती राहू द्या. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

वैशालीने सांगितलं. तिकडे बाई हसल्या, भावासारख्याच, मोठ्याने. आता त्यांच्या घरी घोड्याची गोष्ट सांगतात तेव्हा छातीपासून सुरू करतात, नदी ओलांडतात, कानाखाली येऊन थांबतात, आणि मग पाठीवरच्या त्या भेगेवर बोट ठेवून माझं नाव घेतात. त्यांना ते नीट म्हणता येत नाही असं वैशाली सांगते. म्हणता येईल तसं म्हणोत.